तंत्रशंका : तुमच्या जाळ्याचा रूट कोणी ठरवला?

एकाच संस्थेतील संगणकांचे जाळे व्हीलॅनच्या, म्हणजे त्याच वायरींवर आखलेल्या स्वतंत्र आभासी जाळ्यांच्या, साहाय्याने कसे विभागावे, याविषयी या सदरात गेल्या महिन्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे : व्हीलॅन तयार केल्या, ट्रंक (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या स्विचमधील जोडण्या) जोडल्या, आणि मग स्पॅनिंग ट्रीने आम्हाला न विचारता काहीतरी करून ठेवले. स्पॅनिंग ट्री म्हणजे जाळ्यात लूप, अर्थात बंद फेरा, होऊ नये म्हणून स्विचनी आपसांत एका स्विचला मूळ (रूट) ठरवून जादा मार्ग बंद ठेवण्याची पद्धत. त्यांपैकी पाच पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरांतील कमांड सिस्कोच्या स्विचवरील असून त्या उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. स्विचवर टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरावे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तीन मुख्य स्विच आहेत. सर्व्हर रूममधील ‘अ’ आणि ग्रंथालयातील ‘ब’ हे दोन्ही नवे आहेत व त्यांच्यामध्ये एक गिगाबिटचे फायबर टाकले आहे. वर्कशॉपमधील ‘क’ हा जुना, १०० मेगाबिटचा स्विच दोघांनाही जोडलेला आहे. कार्यालयासाठी व्हीलॅन १०, विद्यार्थ्यांच्या लॅबसाठी २० आणि कॅमेऱ्यांसाठी ३० अशी विभागणी केली आहे. एवढा खर्च करूनही ग्रंथालयातून सर्व्हरवर फाइल पाठवताना वेग पूर्वीइतकाच मिळतो. शिवाय ‘शो स्पॅनिंग-ट्री’ दिल्यावर प्रायॉरिटी ३२७७८ दिसते. हा आकडा आम्ही कोठेही दिलेला नाही. तो आला कोठून?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी आकड्याचे पाहू, कारण आपल्या अडचणीची किल्ली त्याच्याच शेजारी पडलेली आहे. प्रत्येक स्विचला एक ब्रिज आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, असतो. त्याचा पहिला भाग प्रायॉरिटीचा (प्राधान्याचा आकडा) आणि दुसरा भाग त्या स्विचच्या मॅक ॲड्रेसचा, म्हणजे हार्डवेअर पत्त्याचा. प्रायॉरिटी कोणी बदलली नाही तर ती ३२७६८ असते. प्रत्येक व्हीलॅनसाठी स्वतंत्र झाड उभे करायचे, तर प्रत्येक झाडाला वेगळा आयडी हवा. म्हणून १६ बिटांच्या या जागेतील वरचे ४ बिट प्रायॉरिटीसाठी ठेवून खालच्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक लिहिला जातो. ३२७६८ मध्ये १० मिळवले की आपला ३२७७८ आला. व्हीलॅन २० पाहिलीत तर ३२७८८ दिसेल आणि ३० पाहिलीत तर ३२७९८. प्रायॉरिटी फक्त ४०९६ च्या पटीतच का देता येते, याचे कारणही या चार बिटांत आहे. ५००० दिलेत तर स्विच ती कमांड नाकारतो.

आता त्याच आउटपुटमध्ये रूट आयडीखालचा मॅक ॲड्रेस पाहा आणि तो कोणत्या स्विचचा आहे ते शोधा. आपल्या वर्णनावरून तो वर्कशॉपमधल्या जुन्या ‘क’चा निघेल, असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान तो रूट, असा नियम आहे. तिघांची प्रायॉरिटी सारखी असली की निकाल मॅक ॲड्रेसवर लागतो, आणि जुन्या स्विचचा मॅक ॲड्रेस बऱ्याचदा लहान असतो. म्हणजे ज्याला खरे तर निवृत्त करायला हवे, तोच घरातला कर्ता होऊन बसतो.

रूट ठरला की बाकीचे स्विच आपापल्यापासून रूटपर्यंतचा सर्वांत स्वस्त मार्ग शोधतात. झाड हे नाव यावरूनच पडले. फक्त हे झाड अश्वत्थासारखे, मूळ वर आणि फांद्या खाली असे काढतात. जुन्या पद्धतीच्या हिशेबात १०० मेगाबिटच्या लिंकची किंमत १९, एक गिगाबिटची ४ आणि दहा गिगाबिटची २ धरली जाते. आपला रूट ‘क’ असेल तर ‘अ’ला त्याच्याकडे थेट जाण्यास १९ पडतात आणि ‘ब’वरून जाण्यास ४ अधिक १९ म्हणजे २३. ‘ब’चेही तसेच. त्यामुळे दोघेही थेट मार्ग धरतात, आणि त्रिकोणाची उरलेली बाजू, म्हणजे आपण पैसे मोजून टाकलेले गिगाबिट फायबर, एका टोकाला ब्लॉक होते. ग्रंथालयातील फाइल वर्कशॉपला वळसा घालून १०० मेगाबिटच्या दोन लिंकांवरून सर्व्हर रूममध्ये पोहोचते. यात फायबरचा दोष नाही आणि स्पॅनिंग ट्रीचाही नाही. रूट कोण असावा हे आपण सांगितले नाही, म्हणून त्याने स्वतः ठरवले.

उपाय दोन ओळींचा आहे. ‘अ’वर ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १०,२०,३० प्रायॉरिटी ४०९६’ आणि ‘ब’वर त्याच व्हीलॅनसाठी ‘प्रायॉरिटी ८१९२’ द्या. ‘रूट प्रायमरी’ अशी सोपी कमांडही उपलब्ध आहे, परंतु ती मला फारशी आवडत नाही. ती कमांड त्या क्षणीचा रूट पाहून एक आकडा लिहिते, बहुधा २४५७६, आणि तेथेच तिचे काम संपते. पुढे कोणी याहून लहान आकड्याचा स्विच जोडला तर ती पुन्हा जागी होत नाही. स्पष्ट आकडा लिहिलेला असला की दोन वर्षांनी कॉन्फिगरेशन वाचणाऱ्यालाही हेतू कळतो. व्हीलॅन १ विसरू नका. तिच्यात एकही संगणक नसला तरी तिचे झाड असतेच, आणि दुसऱ्या कंपनीचा स्विच आला की तेच महत्त्वाचे ठरते. (त्याविषयी चौथ्या प्रश्नात.)

या बदलानंतर व्हीलॅन १० च्या झाडात ‘अ’ची प्रायॉरिटी ४१०६ दिसेल. ‘अ’ आणि ‘ब’मधील फायबर सुरू होईल आणि ‘ब’–‘क’ या १०० मेगाबिटच्या लिंकचे ‘क’कडील टोक ब्लॉक होईल. ब्लॉक व्हायला हवी होती ती हीच लिंक. आपल्या पत्राच्या शेवटी ‘तीही वाया का घालवायची, भार वाटून घेता येणार नाही का’ अशी विचारणा आहे. येते. वर्कशॉपमधल्या लॅबची व्हीलॅन २० तेवढी ‘ब’मार्गे न्यावी, असे समजा. सध्या ‘क’ला ‘अ’पर्यंत थेट जाण्यास १९ आणि ‘ब’वरून २३ पडतात. ‘क’वरच, ‘अ’कडे जाणाऱ्या पोर्टवर ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन २० कॉस्ट ३०’ दिले की थेट मार्ग महाग होतो आणि व्हीलॅन २० चे पाणी दुसऱ्या पाटाने वाहू लागते. १० आणि ३० मात्र जुन्याच मार्गाने जातात. ही कमांड पुष्कळ जण चुकीच्या टोकाला देतात. किंमत मोजली जाते ती रूटकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोर्टवर. ‘अ’च्या पोर्टवर कितीही मोठा आकडा लिहिला तरी काही बदलणार नाही, कारण ‘अ’ स्वतःच रूट आहे. व्हीलॅन २० चा रूटच ‘ब’ला करावा, असा सल्ला आपल्याला कोणी देईल. आपला गेटवे (जाळ्याबाहेर जाण्याचे दार) आणि सर्व्हर ‘अ’वर असताना त्याची गरज नाही. दोन मध्यवर्ती स्विचवर गेटवेही वाटलेले असतात तेथेच ती मांडणी शोभते.

आणखी दोन गोष्टी. तिन्ही स्विचवर ‘स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी’, म्हणजे प्रत्येक व्हीलॅनसाठी वेगळ्या झाडाची जलद पद्धत, ठेवा. जुन्या पद्धतीत ‘अ’–‘ब’ फायबर तुटले तर ‘क’ आधीची माहिती शिळी होण्यासाठी २० सेकंद थांबतो, मग पोर्ट ऐकण्याच्या आणि शिकण्याच्या अवस्थेत प्रत्येकी १५ सेकंद काढते. असे ५० सेकंद ग्रंथालय तुटलेले राहते. रॅपिडमध्ये हेच काम साधारणपणे एक-दोन सेकंदांत उरकते. ‘क’ला रॅपिड येत नसेल तर त्याच्याकडील लिंका जुन्याच चालीने चालतील, हे लक्षात असू द्यावे. दुसरे म्हणजे रूट गार्ड. परका स्विच रूट बनू नये म्हणून तो चांगला आहे, पण ‘ब’च्या ‘क’कडे जाणाऱ्या पोर्टवर तो लावू नका. फायबर तुटल्यावर ‘ब’ला ‘अ’ची बातमी त्याच पोर्टवरून मिळणार आहे, तेथे गार्ड उभा असला तर तो ती बातमीच अडवील आणि ग्रंथालय पूर्ण तुटेल.

हे सर्व सुटीच्या दिवशी करा. ग्रंथालयातील संगणकावरून सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवून फायबर हाताने काढा आणि किती उत्तरे हुकतात ते मोजा. हा प्रयोग केल्याशिवाय काम पूर्ण झाले, असे समजू नका.

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये सकाळी सर्व संगणक एकदम सुरू केले की निम्म्यांना १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी मिळतो. केबल काढून पुन्हा लावली तरी तेच. दहा मिनिटांनी आपोआप सुरळीत होते. डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारा) सर्व्हर तपासला. तो ठीक आहे. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी याचा फार त्रास होतो.
— एक लॅब असिस्टंट, नांदेड

उत्तर : सर्व्हर ठीकच आहे, संगणकाची हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. संगणक सुरू होताच स्विचचे पोर्ट वर येते, परंतु पलीकडे दुसरा स्विच असून लूप तर होणार नाही ना, याची खात्री करण्यासाठी स्पॅनिंग ट्री ३० सेकंद त्या पोर्टवरून काहीही पुढे जाऊ देत नाही. हल्लीचे संगणक एसएसडीमुळे तेवढ्यात सुरू होऊन डीएचसीपीची विनंती दोन-चारदा करून मोकळे होतात, आणि उत्तर न आल्याने १६९.२५४ चा पत्ता स्वतःच घेतात. मग काही मिनिटांनी पुन्हा विचारतात, तेव्हा पोर्ट खुले असते. केबल काढून लावली की पोर्टचे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून त्या उपायाने काहीच साधत नाही.

संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांच्या पोर्टवर पोर्टफास्ट लावा, म्हणजे पोर्ट ही प्रतीक्षा न करता लगेच खुले होते. ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट डिफॉल्ट’ ही एकच कमांड दिली तर ती स्विचवरील सर्व ॲक्सेस (एकाच व्हीलॅनच्या) पोर्टना लागू होते आणि ट्रंकला लागत नाही. रॅपिड मोड असला म्हणजे पोर्टफास्टची गरज नाही, हा गैरसमज बराच पसरलेला आहे. रॅपिडची घाई दोन स्विचमधील संवादावर अवलंबून असते. संगणक त्या संवादाला उत्तर देत नाही, त्यामुळे पोर्टफास्ट नसलेले पोर्ट रॅपिडमध्येही ३० सेकंद घेतेच. याचा दुसरा फायदा असा की संगणक चालू-बंद केला तरी जाळ्याची रचना बदलल्याची दवंडी पिटली जात नाही. एरवी चाळीस संगणक बंद होताना चाळीस वेळा ती पिटली जाते आणि प्रत्येक वेळी स्विच आपले मॅक टेबल (कोणता मॅक ॲड्रेस कोणत्या पोर्टवर आहे याची यादी) लवकर विसरून सगळीकडे फ्रेम, म्हणजे माहितीचे तुकडे, ओतू लागतात.

पोर्टफास्ट दिले की त्याच्या जोडीला बीपीडीयू गार्ड द्यायलाच हवा : ‘स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट’. अशा पोर्टवर एखाद्या स्विचचा बीपीडीयू, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा निरोप, आला तर गार्ड ते पोर्ट तत्क्षणी बंद करतो. कमांडच्या मदतयादीत याच्याच शेजारी बीपीडीयू फिल्टर दिसेल. नावे भावंडांसारखी असली तरी काम उलटे आहे. फिल्टर बीपीडीयू गिळून टाकतो, आणि मग लूप झाला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

प्रश्न : आमच्या कापड पेढीच्या कार्यालयात टेबलाखाली आठ पोर्टचा एक साधा स्विच आहे. सफाईच्या वेळी कोणीतरी सुटलेली वायर त्याच स्विचमध्ये परत खोचली आणि पूर्ण कार्यालय ठप्प झाले. एका वायरीने एवढे कसे होते?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अगदी असाच प्रसंग मी एका रुग्णालयात अनुभवला आहे. रॅकवरचे सर्व दिवे एकाच लयीत, मध्ये क्षणभरही न थांबता लुकलुकत होते आणि स्विचवर लॉगिन करायलासुद्धा तीन मिनिटे लागत होती. शेवटी आम्ही एकेक केबल काढत गेलो. बाराव्या की तेराव्या केबलला दिवे शांत झाले. ती केबल बाह्यरुग्ण विभागातील एका टेबलाखाली जात होती.

आयपी पॅकेटवर किती टप्पे उरले याचा आकडा असतो आणि तो शून्य झाला की पॅकेट मरते. ईथरनेटच्या फ्रेमला असे आयुष्यच दिलेले नाही. लूपमध्ये शिरलेली ब्रॉडकास्ट (सर्वांसाठीची) फ्रेम फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या प्रती बाहेर पडतात. सर्वांत लहान, ६४ बाइटच्या फ्रेम धरल्या तर एक गिगाबिटची लिंक सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम वाहू शकते, आणि प्रत्येक ब्रॉडकास्ट प्रत्येक संगणकाला वाचावा लागतो.

आपल्या मुख्य स्विचवर बीपीडीयू गार्ड असता तर काम तेथेच थांबले असते. टेबलाखालच्या साध्या स्विचला स्पॅनिंग ट्री माहीत नसते. पण मुख्य स्विचने पाठवलेला बीपीडीयू बहुतेक साधे स्विच इतर फ्रेमसारखाच पुढे ढकलतात. तो लूपमधून फिरून स्वतःच्याच पोर्टवर परत येतो आणि गार्ड ते पोर्ट बंद करतो. एक टेबल बंद पडते, कार्यालय चालू राहते. काही साधे स्विच मात्र बीपीडीयू टाकून देतात. त्यांच्यासाठी ‘स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल १’ असे दुसरे कुंपण घाला, म्हणजे पोर्टच्या क्षमतेच्या एक टक्क्यापलीकडचे ब्रॉडकास्ट सोडून दिले जातील. बंद झालेले पोर्ट आपोआप सुरू व्हावे यासाठी ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड’ आहे, त्याचा मूळ अवधी ३०० सेकंदांचा असतो. मी तो सहसा लावत नाही. पोर्ट बंद पडले की फोन येतो, आणि फोन आला की वायर सापडते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सिस्कोचे दोन स्विच होते. तिसरा निविदेत कमी दराने दुसऱ्या कंपनीचा आला. तिघांचा त्रिकोण केला आहे. व्हीलॅन २० फक्त एका बाजूला लागते, म्हणून नव्या स्विचच्या दोन ट्रंकपैकी एकीवरच तिला परवानगी दिली. आता नव्या स्विचवरील व्हीलॅन २० चे यंत्र कोणाशीच बोलत नाही. बाकीच्या व्हीलॅन उत्तम चालतात. केबल बदलून पाहिली.
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : केबलला दोष देऊ नका. नव्या स्विचवर ज्या ट्रंकवर व्हीलॅन २० आहे, नेमके तेच पोर्ट ‘डिस्कार्डिंग’ (म्हणजे ब्लॉक) दिसते का, ते पाहा.

घोळ कसा होतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संगणकशास्त्रज्ञ रेडिया पर्लमन यांनी डीईसी (डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन) कंपनीत असताना १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्रीचे अल्गोरिदम रचले आणि आयईईई या प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने १९९० मध्ये ८०२.१डी या नावाने त्याचे प्रमाणीकरण केले. त्या वेळी व्हीलॅनचे प्रमाण अस्तित्वातच नव्हते, ८०२.१क्यू आले १९९८ मध्ये. म्हणून मूळ प्रमाणात संपूर्ण जाळ्याचे झाड एकच. सिस्कोने प्रत्येक व्हीलॅनला स्वतंत्र झाड देणारी स्वतःची पद्धत काढली. सिस्कोचा स्विच ट्रंकवर व्हीलॅन १ साठी प्रमाण पद्धतीचा बीपीडीयू पाठवतो, आणि बाकीच्या व्हीलॅनचे बीपीडीयू स्वतःच्या वेगळ्या मल्टिकास्ट (गटासाठीच्या) पत्त्यावर. आपल्या तिसऱ्या स्विचला पहिला कळतो. बाकीचे त्याच्या दृष्टीने साध्या फ्रेम असतात व तो ते तसेच पुढे सोडतो. त्याचे झाड एकच, आणि त्या झाडाने एखादे पोर्ट ब्लॉक केले की ते सगळ्या व्हीलॅनसाठी ब्लॉक होते. त्याने निवड करताना आपली व्हीलॅन २० कोणत्या ट्रंकवर आहे हे विचारले नाही, आणि विचारणे त्याच्या स्वभावातही नाही.

आजच्या आज करायचे तर व्हीलॅन २० ला दोन्ही ट्रंकवर, तसेच सिस्कोच्या दोन स्विचमधील ट्रंकवरही परवानगी द्या. यंत्र बोलू लागेल. नीट करायचे तर तिन्ही स्विच एमएसटीपीवर, म्हणजे अनेक झाडे चालवणाऱ्या प्रमाण पद्धतीवर, आणा. हे प्रमाण २००२ मध्ये ८०२.१एस म्हणून आले, पुढे ८०२.१क्यूमध्येच सामावले गेले, आणि व्यवस्थापन करता येणारे बहुतेक कंपन्यांचे स्विच ते जाणतात. यात शंभर व्हीलॅनसाठी शंभर झाडे न लावता दोन-तीन झाडे (इन्स्टन्स) लावून व्हीलॅन त्यांच्यात वाटतात, म्हणजे व्हीलॅन १० व ३० इन्स्टन्स १ मध्ये आणि २० इन्स्टन्स २ मध्ये. तिन्ही स्विचवर रीजनचे (एकाच वाटणीने चालणाऱ्या स्विचच्या गटाचे) नाव, रिव्हिजनचा (आवृत्तीचा) आकडा आणि व्हीलॅनची ही वाटणी तंतोतंत सारखी हवी. नावातील लहान-मोठ्या लिपीचा फरकही चालत नाही. एका स्विचवर एक व्हीलॅन जरी वेगळ्या इन्स्टन्समध्ये पडली तरी तो स्विच स्वतःचा स्वतंत्र रीजन मानतो. कोठेही चूक दाखवत नाही, फक्त भारवाटप नाहीसे होते. वाटणीच्या तक्त्यावरून निघालेला डायजेस्ट (सारांश-आकडा) तिन्ही ठिकाणी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

एमएसटीपीत गेल्यावरही आपली जुनी चूक पुन्हा करता येते, हे सांगून ठेवतो. झाड इन्स्टन्सचे असते. त्या झाडाच्या चालू फांदीवरून एखादी व्हीलॅन आपण ट्रंकच्या यादीतून वगळली तर ती तुटते. म्हणून एका इन्स्टन्समधील सर्व व्हीलॅन एकत्रच ठेवाव्यात किंवा एकत्रच वगळाव्यात. किमतीचे आकडेही येथे मोठे दिसतील, एक गिगाबिटला २०,००० आणि १०० मेगाबिटला २,००,०००. त्याने बिचकू नये. बदल करताना आधी रूट असलेला स्विच एमएसटीपीवर न्यावा. अर्धे जाळे जुन्या पद्धतीवर असताना एखाद्या व्हीलॅनचा रूट त्या जुन्या अर्ध्या भागात राहिला, तर सीमेवरील पोर्ट ‘विसंगत’ म्हणून अडवले जाते.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात कार्यालय, काटा, केन यार्ड, गव्हाण, मिल, बॉयलिंग हाउस, गोदाम, डिस्टिलरी आणि कॉलनी असे नऊ स्विच एकापुढे एक जोडले आहेत, आणि कॉलनीतून फायबर परत कार्यालयात आणून रिंग पूर्ण केली आहे. सात स्विचची मर्यादा असते असे ऐकले. ती खरी का? आमचे तर चालू आहे.
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : मर्यादा खरी आहे, पण ती कुलपासारखी नाही, ओलांडली म्हणून स्विच अडवत नाही. हेलो (दोन निरोपांमधील अंतर) २ सेकंद, मॅक्स एज (माहिती शिळी होण्याची मुदत) २० आणि फॉरवर्ड डिले (ऐकण्याची व शिकण्याची प्रत्येक अवस्था) १५ हे मूळ आकडे कोणत्याही दोन टोकांमध्ये फार तर सात स्विच असतील, असे धरून बसवलेले आहेत. त्यापलीकडे गेल्यावर दूरच्या स्विचला रचनेतील बदल उशिरा कळतो, आणि तेवढ्या अवधीत तो जुन्या माहितीवर पोर्ट उघडू शकतो. आपल्या रिंगमध्ये कार्यालयातील स्विच रूट असेल तर एरवी सर्वांत लांबचा स्विच त्याच्यापासून चार टप्प्यांवर आहे, म्हणून ‘चालू आहे’. कार्यालय आणि काटा यांच्यामधील फायबर ट्रकच्या चाकाखाली तुटले, की काट्याचा स्विच आठ टप्प्यांवर जातो आणि नऊ स्विचची सरळ साखळी तयार होते. म्हणजे ज्या दिवशी रिंगची गरज पडेल, त्याच दिवशी मर्यादा ओलांडली जाईल.

बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये हे घडलेले आहे. संस्था वाढत गेली, जाळ्याला जाळी जोडली गेली आणि स्पॅनिंग ट्रीची मर्यादा केव्हा ओलांडली गेली ते कोणाच्या ध्यानात आले नाही. भार वाढला तसे जाळे कोसळले, उभे केले की पुन्हा कोसळले, आणि सुमारे चार दिवस डॉक्टर व परिचारिका कागदावर काम करत राहिले. तेथील तेव्हाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हॅलम्का यांनी या प्रकाराविषयी पुढे उघडपणे सांगितले, हे त्यांचे मोठेपण. एरवी अशा गोष्टी रॅकच्या दाराआडच राहतात.

आपल्याकडे नवे फायबर टाकायची बहुधा गरज पडणार नाही. अशा ठिकाणी सहा किंवा बारा कोअरचे (तंतूंचे) फायबर टाकलेले असते आणि त्यांतील दोनच वापरात असतात. उरलेले कोअर मधल्या ठिकाणी स्विचमध्ये न घेता स्प्लाइस करून (सांधून) सरळ पुढे न्या. मिल साधारण मध्यावर आहे. कार्यालय आणि मिल थेट जोडून तेथे दुसरा मुख्य स्विच ठेवला, तर एका मोठ्या रिंगच्या दोन लहान रिंगा होतात. कार्यालयाला प्रायॉरिटी ४०९६ आणि मिलला ८१९२ द्या. कार्यालय ते काटा तुटले तरी, कार्यालय–मिल जोडणी शाबूत असेल तर, आता काट्याला मिलवरून जाण्यास चारच टप्पे पडतील; आणि ती जोडणी शाबूत असताना दोन रिंगांत एकेक फायबर एकाच वेळी तुटले, तरी कोणताही स्विच रूटपासून पाच टप्प्यांपलीकडे जात नाही. नऊही स्विचवर रॅपिड सुरू करा.

काम गाळप हंगाम संपल्यावरच काढावे. तोपर्यंत एवढे मात्र करून ठेवा : कार्यालयातील स्विचवर आणि कॉलनीतील स्विचवर ‘शो स्पॅनिंग-ट्री रूट’ देऊन दोन्हीकडे प्रत्येक व्हीलॅनचा रूट एकच दिसतो का, आणि तो कार्यालयातलाच आहे का, ते पाहा. तो केन यार्डच्या खांबावरील पेटीतला स्विच निघाला, तर प्रायॉरिटीच्या ओळी हंगामाची वाट न पाहता एखाद्या साफसफाईच्या दिवशी गाळप बंद असतानाच देऊन टाका.